जॉन स्कॉट हॉल्डेन

जॉन स्कॉट हॉल्डेन (मे १८६०, एडिंबरो – मार्च १९३६, ऑक्सफर्ड) हे स्कॉटिश वैद्य व शरीरक्रियावैज्ञानिक होते. श्वसनाचे नियमन, खाणींतील विषारी वायू, पाणबुड्यांना होणारा दाबविकार आणि अतिउंचीवरील विरळ हवेचे शरीरावरील परिणाम हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू माणसाला कसा मारतो, आणि त्यातून जो वाचतो त्याच्या मेंदूवर पुढेही परिणाम का राहतात, या दोन्ही प्रश्नांच्या शास्त्रीय उत्तराचा पाया त्यांच्या कार्याने घातला. यासाठी त्यांनी अनेक प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले. कोळशाच्या खाणीत वायूची पूर्वसूचना मिळण्यासाठी उंदीर व कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत त्यांच्या शिफारशीमुळे रूढ झाली. आयुष्याच्या अखेरच्या काळात भारताचे नागरिकत्व स्वीकारणारे आनुवंशिकीविज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे पुत्र होत.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

हॉल्डेन यांचा जन्म एडिंबरो येथे एका प्रतिष्ठित स्कॉटिश घराण्यात झाला. वडील रॉबर्ट हॉल्डेन वकील होते. आई मेरी एलिझाबेथ या बर्डन-सँडरसन घराण्यातील होत्या. मामा जॉन बर्डन-सँडरसन हे नामवंत शरीरक्रियावैज्ञानिक असून ऑक्सफर्ड विद्यापीठात या विषयाचे प्राध्यापक होते. थोरले बंधू रिचर्ड बर्डन हॉल्डेन पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री व लॉर्ड चॅन्सेलर झाले. भगिनी एलिझाबेथ हॉल्डेन लेखिका व समाजकार्यकर्त्या म्हणून प्रसिद्धीस आल्या.

एडिंबरो अकादमी या शाळेत शिक्षण झाल्यावर हॉल्डेन यांनी एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८८४ मध्ये पदवी संपादन केली. जर्मनीतील येना विद्यापीठातही त्यांनी काही काळ अध्ययन केले. तत्त्वज्ञानाची ओढ त्यांना तरुणपणापासून होती. पदवी मिळाल्यावर त्यांनी रुग्णसेवेचा व्यवसाय न करता संशोधनाचा मार्ग पत्करला. तथापि त्यांचे संशोधन प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिले नाही. माणसे जेथे राहतात आणि राबतात, तेथील हवा हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय राहिला.

१८९१ मध्ये त्यांचा विवाह लुईसा कॅथलीन ट्रॉटर यांच्याशी झाला. जॉन बर्डन सँडरसन (जन्म १८९२) व नेओमी (जन्म १८९७) ही त्यांची दोन अपत्ये. नेओमी मिचिसन या पुढे कादंबरीकार म्हणून ख्यातनाम झाल्या.

डंडी येथील हवेचा अभ्यास

हॉल्डेन यांच्या संशोधनाचा आरंभ डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात झाला. तागाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात कामगारांच्या वस्त्या अत्यंत दाट होत्या. रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस कार्नेली यांच्यासमवेत त्यांनी गरिबांची एका खोलीची घरे, शाळा आणि गटारे यांतील हवेचे नमुने गोळा केले व त्यांतील कार्बन डाय-ऑक्साइड, सेंद्रिय पदार्थ आणि सूक्ष्मजीव यांचे मोजमाप केले. माणसे झोपलेली असतानाची हवा तपासावयाची असल्याने हे काम पुष्कळदा रात्री करावे लागे. निष्कर्ष १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी हॉल्डेन ऑक्सफर्डला मामांच्या विभागात रुजू झाले. कोंदट हवेत जीव का घाबरा होतो, याविषयी त्या काळी निरनिराळ्या कल्पना प्रचलित होत्या. माणसाच्या उच्छ्वासातून एखादे अज्ञात सेंद्रिय विष बाहेर पडते, अशी एक समजूत होती. हॉल्डेन व त्यांचे सहकारी जे. लॉरेन स्मिथ यांनी हवाबंद पेटीत स्वतः बसून हा प्रश्न तपासला. पेटीतील हवा श्वासोच्छ्वासाने जसजशी बिघडत गेली तसतशी आपली लक्षणे त्यांनी नोंदवली. असे कोणतेही गूढ विष नसून साठत जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड आणि घटत जाणारा ऑक्सिजन हीच त्रासाची कारणे आहेत, असे त्यांनी दाखवून दिले.

कार्बन मोनॉक्साइडवरील संशोधन

कार्बनयुक्त इंधन अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही व चवही नाही. तो रक्तातील हीमोग्लोबिन या तांबड्या रंगद्रव्याशी जोडला जातो व ऑक्सिजनची जागा घेतो, हे फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले होते. मात्र हवेत किती वायू असता किती वेळात माणसावर कोणता परिणाम होतो, याची भरवशाची मोजमापे उपलब्ध नव्हती. ती हॉल्डेन यांनी मिळवली.

१८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचे ज्ञात प्रमाण असलेली हवा स्वतः श्वासावाटे घेतली. ठरावीक अंतराने आपल्या बोटातून रक्ताचे थेंब काढून त्यांनी त्यांतील वायूचे प्रमाण मोजले. त्यासाठी त्यांनी एक सोपी पद्धत बसवली होती. या वायूने भारलेले रक्त पातळ केल्यावर गुलाबी दिसते, तर सामान्य रक्त पिवळसर दिसते. कार्मीन या लाल रंगाच्या द्रावणाशी तुलना करून ही छटा मोजता येत असे.

रक्तातील हीमोग्लोबिनचा पाचवा हिस्सा वायूने व्यापला तरी स्वस्थ बसलेल्या माणसाला फारसे काही जाणवत नाही, असे या प्रयोगांतून दिसून आले. प्रमाण वाढू लागले की जिना चढण्यासारख्या साध्या श्रमानेही धाप लागते, छाती धडधडते व डोळ्यांपुढे अंधारी येते. निम्म्याच्या आसपास हीमोग्लोबिन व्यापले गेल्यावर पाय लटपटतात, दृष्टी मंदावते, विचार सुसंगत राहत नाही आणि चालणे जवळजवळ अशक्य होते. हॉल्डेन यांनी या टप्प्यापर्यंत प्रयोग नेला. आपली बुद्धी मंदावत आहे याची जाणीव बाधित माणसाला राहत नाही, हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे लक्षण होते. मद्य प्यायलेल्या माणसाप्रमाणे त्याला आपण ठीकच आहोत असे वाटत राहते, आणि धोक्यातून बाहेर पडण्याची शक्ती व इच्छा दोन्ही त्याच वेळी संपतात.

हीमोग्लोबिनची कार्बन मोनॉक्साइडबद्दलची ओढ ऑक्सिजनच्या मानाने सु. २०० ते २५० पट अधिक असते. हवेत ऑक्सिजन सु. २१ टक्के असतो. त्यामुळे हवेत केवळ एक हजारांश भाग कार्बन मोनॉक्साइड असला, तरी पुरेसा वेळ गेल्यावर जवळजवळ निम्मे हीमोग्लोबिन त्याच्या ताब्यात जाते. दोन्ही वायूंच्या प्रमाणांतील हा संबंध आज हॉल्डेन यांच्या नावाने ओळखला जातो.

त्याच वर्षी त्यांनी उंदरांवर आणखी एक प्रयोग केला. दोन वातावरणांइतक्या दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवलेले उंदीर, त्यांचे हीमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने पूर्णपणे व्यापले गेले असतानाही जिवंत राहिले. वाढलेल्या दाबामुळे रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजनच त्यांना पुरत होता. या वायूची मारकता मुख्यतः ऑक्सिजनच्या उपासमारीत आहे, हा निष्कर्ष यातून निघाला. पुढे उच्च दाबाखालील ऑक्सिजनचा उपचार विकसित झाला, त्याचे मूळ या प्रयोगात सापडते.

खाणदुर्घटनांचा तपास

२७ जानेवारी १८९६ रोजी दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मृत्युमुखी पडले. हॉल्डेन यांनी तेथे जाऊन मृतदेह व खाण यांची पाहणी केली. खाणीतील स्फोटात माणसे आघाताने, भाजून किंवा गुदमरून मरतात, असा सर्वसाधारण समज होता. हॉल्डेन यांना बहुसंख्य मृतदेहांवर घातक जखमा आढळल्या नाहीत. उलट त्यांच्या त्वचेवर जिवंत माणसासारखी गुलाबी झाक होती. रक्ताच्या तपासणीत त्याचे कारण स्पष्ट झाले. स्फोटातून वाचलेली ही माणसे त्यानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मरण पावली होती. त्याच वर्षी ब्रान्सपेथ व मिकलफील्ड येथे झालेल्या स्फोटांचाही अभ्यास करून त्यांनी गृहमंत्र्यांना अहवाल सादर केला.

या अहवालाचे व्यावहारिक महत्त्व मोठे होते. स्फोटाने माणसे तत्काळ मरत असतील तर बचावकार्याला विशेष अर्थ उरत नाही. ती नंतर वायूने मरत असतील, तर मधला वेळ हा जीव वाचवण्याचा वेळ ठरतो. खाणीतील सुरक्षादीप या कामी उपयोगी नव्हता. ऑक्सिजन फार कमी झाला तर दिवा विझतो. परंतु माणसाला मारण्यास पुरेसा कार्बन मोनॉक्साइड हवेत असतानाही तो नेहमीसारखा जळत राहतो. म्हणून हॉल्डेन यांनी लहान प्राणी सोबत नेण्याची शिफारस केली. उंदीर किंवा लहान पक्षी यांचा श्वासोच्छ्वास व रक्ताभिसरण शरीराच्या आकाराच्या मानाने फार जलद असल्यामुळे त्यांच्यावर वायूचा परिणाम माणसाच्या कितीतरी आधी होतो. कॅनरी पक्षी दांडीवरून खाली पडलेला चटकन दिसत असल्याने तो अधिक सोयीचा ठरला. ब्रिटिश खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती; त्यानंतर तिची जागा विद्युत उपकरणांनी घेतली.

मे १८९७ मध्ये आइल ऑफ मॅन येथील स्नेफेल या शिशाच्या खाणीत आग लागून २० कामगार कार्बन मोनॉक्साइडने मरण पावले. चौकशीसाठी खाणीत उतरलेले सरकारी निरीक्षक क्लेमेंट ली नीव्ह फॉस्टर यांनाही विषबाधा झाली. आपण वाचत नाही असे वाटून त्यांनी वहीत कुटुंबीयांसाठी निरोप लिहिण्यास सुरुवात केली. त्या टिपणात निरोपाचे तेच ते शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेले आढळतात. आपण ते आधीच लिहिले आहेत, याचे भान लिहिणाऱ्याला राहिले नव्हते. फॉस्टर त्या वेळी बचावले, पण त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही आणि १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. विषबाधा होत असतानाच रुग्णाने स्वतः लिहून ठेवलेला हा पुरावा वैद्यकाच्या इतिहासात दुर्मीळ मानला जातो. खाणीतील हवेच्या तपासणीविषयी फॉस्टर व हॉल्डेन यांनी संपादित केलेला ग्रंथ १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मेंदूवरील चिरकालीन परिणाम

कार्बन मोनॉक्साइडमधून वाचलेल्या माणसांची पुढील अवस्था हा हॉल्डेन यांच्या कार्याचा महत्त्वाचा भाग आहे. मोकळ्या हवेत आणल्यावर हा वायू रक्तातून काही तासांत निघून जातो. तरीही गंभीर बाधा झालेली काही माणसे दीर्घकाळ शुद्धीवर येत नाहीत, आणि जी येतात त्यांच्यातील काहींना विस्मरण, अशक्तपणा, अंगाचा ताठरपणा किंवा स्वभावातील बदल यांचा त्रास होत राहतो. विष शरीरातून गेल्यावर त्याचा परिणाम का टिकतो, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

हॉल्डेन यांचे उत्तर असे होते की, दीर्घकाळ ऑक्सिजन न मिळाल्यास मेंदूच्या पेशींचे काम तात्पुरते थांबते एवढेच नव्हे, तर त्या पेशींचीच हानी होते. अशा वेळी ऑक्सिजनचा पुरवठा पूर्ववत झाला तरी हानी भरून येत नाही. शरीरातील सर्व अवयवांत मेंदू हा ऑक्सिजनच्या अभावाला सर्वांत कमी काळ तोंड देऊ शकणारा असल्याने प्रथम व सर्वाधिक इजा त्यालाच पोहोचते. या विचारातून निघणारा व्यावहारिक नियम त्यांनी आग्रहाने मांडला. बाधित माणसाला शक्य तितक्या लवकर शुद्ध ऑक्सिजन देणे हाच योग्य उपचार आहे, कारण रक्तातील वायू त्यामुळे लवकर बाहेर पडतो आणि गेलेले प्रत्येक मिनिट मेंदूच्या हानीत भर घालते. बचावपथकांजवळ ऑक्सिजनची साधने असावीत, असा त्यांचा प्रयत्न राहिला. ऑक्सिजनच्या उपचारात्मक वापरावरील त्यांचा लेख १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

निम्मे हीमोग्लोबिन गमावलेला रक्तक्षयाचा रुग्ण हिंडू-फिरू शकतो, मात्र निम्मे हीमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेला माणूस कोसळतो, ही विसंगती बराच काळ उलगडली नव्हती. १९१२ मध्ये तिचा उलगडा त्यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या लेखाने झाला. उरलेले हीमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, परंतु कार्बन मोनॉक्साइडच्या सान्निध्यात ते ऊतींना तो सहजासहजी सोडून देत नाही. म्हणजे रक्तात ऑक्सिजन असूनही तो मेंदूपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. त्याच वर्षी सी. जी. डग्लस व हॉल्डेन पिता-पुत्र यांनी हीमोग्लोबिनचा या दोन वायूंशी होणाऱ्या संयोगाचे नियम एकत्रितपणे मांडले. पुत्राचे वय त्या वेळी वीस वर्षांहून कमी होते.

कार्बन मोनॉक्साइड केवळ हीमोग्लोबिन अडवून घात करतो, अन्यथा तो शरीराला निरुपद्रवी आहे, असे वडील हॉल्डेन यांचे मत होते. १९२० च्या दशकात ओटो वार्बुर्ग यांनी हा वायू पेशींच्या श्वसनातही अडथळा आणतो असे दाखवले. १९२७ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी रक्तात हीमोग्लोबिन नसलेल्या पतंगांवर प्रयोग करून हा वायू ऊतींवर थेट परिणाम करू शकतो, याला दुजोरा दिला. अशा रीतीने वडिलांच्या सिद्धांताला पुत्राच्या संशोधनाने मर्यादा घातली. मेंदूच्या चिरकालीन हानीचा विचार करताना आज या दोन्ही कारणांना स्थान दिले जाते.

एक वादग्रस्त मत

फुप्फुसे हवेतील ऑक्सिजन केवळ विसरणाने न घेता, गरज पडल्यास ग्रंथींप्रमाणे क्रियाशीलपणे रक्तात सोडतात, असे मत हॉल्डेन यांनी दीर्घकाळ धरून ठेवले. धमन्यांतील ऑक्सिजनचा दाब काढण्यासाठी त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचाच मापक म्हणून उपयोग केला होता आणि या पद्धतीच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास होता. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग व मारी क्रोग यांनी १९१० मध्ये, तर केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये काचेच्या कोठीत सहा दिवस राहून केलेल्या प्रयोगाने हे मत चुकीचे ठरवले. हॉल्डेन यांनी मात्र ते सोडले नाही. त्यांच्या कारकीर्दीतील ही मोठी चूक समजली जाते.

इतर कार्य

१९०५ मध्ये हॉल्डेन व जे. जी. प्रीस्टली यांनी श्वासाची गती मुख्यतः रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडच्या प्रमाणाने ठरते, हे सिद्ध केले. मेंदूतील श्वसनकेंद्र या वायूच्या अत्यल्प वाढीलाही प्रतिसाद देते. श्वसनाच्या आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाचा हा पाया मानला जातो. ऑक्सिजन सोडलेले रक्त अधिक कार्बन डाय-ऑक्साइड वाहून नेऊ शकते, या १९१४ मधील शोधाला हॉल्डेन परिणाम असे नाव आहे.

ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी पाणबुड्यांच्या दाबविकाराचा अभ्यास केला. खोल पाण्यातून घाईने वर आल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि ते मेरुरज्जूत अडकल्यास अर्धांगवायू होऊ शकतो. ए. ई. बॉयकॉट व जी. सी. सी. डॅमंट यांच्यासह शेळ्यांवर प्रयोग करून त्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. १९११ मध्ये अमेरिकेतील सु. ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर राहून त्यांनी विरळ हवेशी शरीर कसे जुळवून घेते, याचे निरीक्षण केले.

एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत जर्मन सैन्याने क्लोरीन वायूचा वापर केला. ब्रिटिश सरकारने हॉल्डेन यांना तातडीने फ्रान्सला पाठवले. त्यांनी वायू ओळखून संरक्षक मुखवट्यांच्या कामात साहाय्य केले आणि वायुबाधित सैनिकांसाठी ऑक्सिजन देण्याची साधने सुचवली.

खाण उद्योगाशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. कॉर्नवॉलमधील खाणकामगारांतील अंकुशकृमीचा रोग, दगडाच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे विकार व उष्ण खाणींतील श्रम यांवर त्यांनी काम केले. १९१३ च्या सुमारास ऑक्सफर्डमधील अध्यापन सोडून त्यांनी डॉन्कास्टर येथील खाणसंशोधन प्रयोगशाळेची सूत्रे घेतली. ही प्रयोगशाळा १९२१ मध्ये बर्मिंगहॅमला नेण्यात आली. १९२४ ते १९२८ या काळात ते खाण अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष होते. वैद्यक शाखेच्या व्यक्तीला हे पद मिळणे ही असाधारण गोष्ट होती.

तत्त्वज्ञान व लेखन

सजीवाचे शरीर म्हणजे केवळ रासायनिक यंत्र नव्हे, तर परिसराशी सतत समतोल राखणारे एक अखंड अस्तित्व होय, अशी हॉल्डेन यांची धारणा होती. ती त्यांनी अनेक ग्रंथांतून व ग्लासगो विद्यापीठातील गिफर्ड व्याख्यानांतून (१९२७–२८) मांडली. येल विद्यापीठातील व्याख्यानांवर आधारित ‘रेस्पिरेशन’ (१९२२) हा त्यांचा प्रमुख शास्त्रीय ग्रंथ असून त्याची सुधारित आवृत्ती प्रीस्टली यांच्यासह १९३५ मध्ये निघाली. ‘द फिलॉसॉफी ऑफ अ बायॉलॉजिस्ट’ (१९३५) हे त्यांचे अखेरच्या काळातील पुस्तक होय.

सन्मान व निधन

१८९७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९१६ मध्ये रॉयल पदक, १९२८ मध्ये कंपॅनियन ऑफ ऑनर हा किताब आणि १९३४ मध्ये कॉप्ली पदक हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत.

वयाच्या पंचाहत्तरीतही त्यांचे क्षेत्रकार्य थांबले नव्हते. तेलउद्योगातील कामगारांना होणाऱ्या उष्माघाताचा अभ्यास करण्यासाठी ते इराण व इराककडे गेले होते. तेथून परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर प्रभाव

कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेवरील आजचे उपचार हॉल्डेन यांच्या निष्कर्षांवर आधारलेले आहेत. सामान्य हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सु. ४ ते ६ तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास हा काळ सु. १ ते १.५ तासांवर येतो आणि तीन वातावरणांच्या दाबाखाली ऑक्सिजन दिल्यास अर्ध्या तासाहूनही कमी होतो.

मेंदूवरील परिणामांविषयीचे ज्ञान त्यांच्यानंतर बरेच वाढले. काही रुग्ण पूर्ण शुद्धीवर येऊन घरी जातात आणि काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी त्यांच्यात नवी लक्षणे दिसू लागतात. विस्मरण, उदासीनता, चिडचिड, कंपवातासारखा ताठरपणा, चालीतील बदल व मूत्रावरील ताबा सुटणे ही त्यांतील प्रमुख होत. मेंदूच्या आतील भागातील ग्लोबस पॅलिडस या केंद्राची हानी आणि श्वेतद्रव्यातील तंतूंवरील मायलिन आवरणाचा ऱ्हास ही यामागील विशेष लक्षणे एमआरआय तपासणीत दिसतात. अनेक रुग्ण काही महिन्यांत सुधारतात. काहींच्या स्मरणशक्तीतील व वागणुकीतील दोष कायम राहतात. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या १५२ रुग्णांच्या चाचणीत सहा आठवड्यांनंतर असे बौद्धिक दोष उच्च दाबाचा ऑक्सिजन मिळालेल्या गटात २५ टक्के, तर साधा ऑक्सिजन मिळालेल्या गटात ४६ टक्के रुग्णांत आढळले. अन्य चाचण्यांचे निष्कर्ष सारखे नसल्याने या उपचाराच्या उपयुक्ततेविषयी अद्याप एकमत नाही.

भारतात या विषबाधेचा संबंध खाणींइतकाच घरांशी येतो. थंडीत दारे-खिडक्या लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, बंद जागेत चालवलेला जनरेटर आणि हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गिझर ही तिची परिचित कारणे आहेत. गॅस गिझरमुळे न्हाणीघरात बेशुद्ध झालेल्या रुग्णांची व त्यांच्या मज्जासंस्थेवरील परिणामांची नोंद भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत झालेली आहे. अशा वेळी अपस्मार किंवा साधी भोवळ समजून मूळ कारणाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो, आणि रुग्ण पुन्हा त्याच जागी जातो. दारे-खिडक्या उघडून बाधित व्यक्तीला मोकळ्या हवेत आणणे, तिला ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित नेणे, आणि ती सावरल्यावरही काही आठवडे तिच्या स्मरणशक्तीकडे व वागण्याकडे लक्ष ठेवणे आवश्यक असते. यांतील पहिल्या दोन गोष्टींचे शास्त्रीय कारण हॉल्डेन यांच्या १८९५ च्या प्रयोगांतून स्पष्ट झाले होते.

जे. बी. एस. हॉल्डेन यांनी वडिलांची स्वतःवर प्रयोग करण्याची परंपरा पुढे चालवली. १९५७ मध्ये ते भारतात आले, पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.